खिडकीला दोन साड्या

पडद्यांच्या दुकानातला कॅटलॉग चाळायला लागलं की दोन-चार पानांतच लक्षात येतं, या घरांमध्ये कोणी राहत नाही. खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत. बाहेर तळं, नाहीतर बर्फ. आत पांढरा सोफा, सोफ्यावर उघडं ठेवलेलं पुस्तक आणि वाचणारा बेपत्ता. छताला पंखा नाही. खिडकीला गज नाहीत, म्हणून गजाला अडकवलेली कापडी पिशवीही नाही. भिंतीत प्लग नाही, तेव्हा त्यातून लोंबणारा चार्जरही नाही. अशा ठिकाणी पडदा शोभून दिसतो यात पडद्याचं कसलं कर्तृत्व? तिथे गव्हाचं रिकामं पोतं टांगलं तरी लोक विचारतील, कुठून आणलं हो.

आता आपली खिडकी घ्या. सगळ्यात बाहेर कबुतरांची जाळी. तिच्या आत लोखंडी ग्रिल, तेही फूटभर बाहेर काढलेलं, कारण बिल्डरने दिली तेवढ्याच जागेत समाधान मानणं आपल्या रक्तात नाही. ग्रिलमध्ये तुळस, कोरफड, गवती चहा आणि एक कुंडी, जिच्यात मुळात काय लावलं होतं यावर घरात एकमत नाही. वर दोरी, दोरीवर पायमोजे. मग सरकत्या काचा. तीन सरकपट्ट्यांपैकी एकीवर डासांची जाळी, ती नेहमी नको त्या बाजूला. आतल्या कट्ट्यावर चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, गणपतीत आणलेल्या माळेचा गुंता आणि ज्यांची कुलपं कधीच हरवली अशा दोन किल्ल्या. एवढं सगळं ओलांडून जो उजेड घरात पोचतो तो मुळात इतका दमलेला असतो की त्याला आणखी अडवायला माणसाने हजारो रुपये का मोजावेत?

पण मोजतो. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिले काही महिने काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली असतात. रोज येता-जाता समोरच्या इमारतीतले लोक तीच रविवारची पुरवणी वाचतात. मग एक दिवस कोणीतरी लिफ्टमध्ये सहज म्हणतं, “पडदे नाही का लावले अजून?” या प्रश्नात चौकशी कमी आणि निकाल जास्त असतो. भिंतींना रंग नसला तर चालतं, ते खर्चाचं काम आहे म्हणून लोक समजून घेतात. पडदे नसले की मात्र संसाराला अजून सुरुवातच झाली नाही असं धरलं जातं.

आमच्या लहानपणी पडद्याची शैली नावाची गोष्ट नव्हती, पडद्याची स्प्रिंग होती. पांढऱ्या प्लास्टिकचं आवरण असलेली लांब स्प्रिंग, तिच्या दोन टोकांना दोन आकडे आणि चौकटीत ठोकलेले दोन खिळे. स्प्रिंग खिडकीच्या मापापेक्षा थोडी आखूडच घ्यायची, म्हणजे ताणलेली राहते, असं हार्डवेअरवाला सांगायचा. ती पहिले पंधरा दिवस ताणलेली राहायची. नंतर मध्यभागी झोळ पडायचा तो कायमचा. चाळीतल्या खोल्यांना तर पडदा खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला असे. बाहेर सामायिक गॅलरी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं ताट दिसू नये, पण वरून उजेड आणि वारा यावा, असा तो चोख हिशेब. गॅलरीतून जाणाऱ्याचं डोकं तेवढं पडद्याच्या वरून सरकताना दिसायचं आणि आतला माणूस केसांच्या भांगावरून सांगायचा, दोन नंबरवाले जोशी आले. आज ज्याला इंटिरियरवाले ‘कॅफे कर्टन’ म्हणून वेगळे पैसे लावतात तो हाच. फक्त आता त्याला वर पितळी दांडी असते आणि बाहेर जोशी नसतात.

कापड दुकानातून विकत आणणं ही त्या काळात चैन. पडदे साड्यांचे. साडी जीर्ण होईपर्यंत थांबायचीही गरज नसे. लग्नामुंजीत मानपानाच्या म्हणून ज्या साड्या येत त्या जन्मतःच पडदे असत. देणाऱ्यालाही ते माहीत असे, घेणाऱ्यालाही. फक्त मधले काही महिने दोघंही ती साडी आहे असं मानून चालत. एखादी चलाख बाई ती साडी तशीच पुढच्या लग्नात देऊन टाकी आणि साडी तीन-चार कार्यं फिरून शेवटी ज्या घरात धीर सुटेल त्या घराच्या खिडकीवर चढे. काठ खाली आले की पडद्याला आपोआप किनार. पदराचा भाग दाराला, कारण तिथे पाहुण्यांची नजर जाते.

अडचण एवढीच की साडी देणारी माणसं नात्यातली असतात आणि नात्यातली माणसं घरी येतात. आमच्याकडे मधल्या खोलीला आत्याने दिलेल्या अंजिरी साडीचे पडदे होते. आत्या येणार असं पत्र आलं की ते उतरवून ट्रंकेत जात आणि त्या जागी चादर चढे. एकदा आत्या पत्र न पाठवताच आली. दाराशी उभी राहिली, पडद्याकडे पाहिलं, त्याचं कापड चिमटीत धरून जरा चोळलं आणि म्हणाली, “धुण्यात रंग टिकलाय हो चांगला.” पुढे चहापर्यंत कोणी काही बोललं नाही. निघताना मात्र तिनेच आईला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी ती पोपटी मी खिडकीला नाही, देवघराला लावली आहे. हा टोमणा होता की सांत्वन, यावर आईचा आजतागायत निर्णय झालेला नाही.

पडदा म्हणून आयुष्य काढल्यावर त्या कापडाला पुढचेही जन्म असत. आधी गोधडीच्या पोटात, मग पायपुसणं, मग पोतेरं. आणि पोतेऱ्याला कधी कुठे एक काठाचा तुकडा दिसला की आई सांगायची, ही अमक्याच्या साखरपुड्यातली.

वाळ्याच्या ताट्यांचं मात्र वेगळं. नागपूरकडच्या घरांत मे महिन्यात दारं-खिडक्यांना त्या लागत, त्यावर दिवसातून चार वेळा पाणी मारायचं काम मुलांकडे असे आणि बाहेरची झळ त्या ओल्या मुळ्यांतून आत येईपर्यंत थंडगार आणि सुवासिक होऊन येई. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, एवढं साधं शास्त्र. त्या ताटीचा रंग भिंतीशी जुळतो का, असं विचारण्याची कोणाची छाती झाली नसती. ज्या पडद्याला खरोखर काम असतं त्याला रूपाबद्दल कोणी बोलत नाही.

हल्लीच्या पडद्यांना काम नसतं, म्हणून त्यांना शैली लागते. दुकानात गेलं की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, “काका, आयलेट करायचेत, प्लीट्स करायच्यात की ब्लाइंड्स बघताय?” आपण घरून रंग ठरवून गेलेलो असतो. रंगाचा प्रश्न बाविसाव्या मिनिटाला येणार असतो आणि तोवर ठरवलेला रंग आपण विसरलेलो असतो.

आधी माप. बायकोने घरी टेप धरून माप घेतलेलं असतं, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि चिठ्ठी घरी असते. समजा, आठवलं. खिडकी सहा फूट रुंद. मग रॉड सात फूट घ्यायचा. दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, म्हणजे पडदा सारला की तो काचेवर न राहता भिंतीवर जातो. सात फूट म्हणजे ८४ इंच. पण कापड ८४ इंचच घेतलं तर ओढल्यावर पडद्याला एक चुणी राहत नाही, दोरीवर पंचा वाळत घातल्यासारखा दिसतो, असं टेलर सांगतो. म्हणून दुप्पट कापड, १६८ इंच. कापडाचा पन्ना ४८ इंच. भागाकार साडेतीन. अर्धा पडदा कोणी शिवत नाही, तेव्हा चार. उंची सात फूट. वर बकरमची पट्टी आणि खाली मुडप मिळून आणखी फूटभर. आठ फूट म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. अडीच चोक दहा मीटर. एका खिडकीला.

हा आकडा ऐकून मी घाम पुसत होतो तेव्हा बायकोने हिशेब माझ्या पुढे नेला होता. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. “म्हणजे खिडकीला दोन साड्या!” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “आणि मला या दिवाळीला एकच.” विक्रेत्याने सहानुभूतीने मान हलवली आणि अस्तर लावायचं असेल तर आणखी दहा मीटर लागेल असं सांगितलं. म्हणजे खिडकीला परकरही.

आयलेट म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीत बसवलेल्या गोल कड्या, त्यांतून रॉड ओवायचा. याच्यात गोम एकच: कड्यांची संख्या सम हवी. रॉड एकदा पुढून आत, एकदा मागून बाहेर असा जातो. सम कड्या असल्या की दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक कड खोलीत तोंड काढून उभी राहते. एका परिचितांकडे सगळ्या पडद्यांना नऊ-नऊ कड्या लागल्या होत्या. त्यांनी टेलरला विचारलं तर तो म्हणाला, नऊ आकडा शुभ असतो. ते गृहस्थ गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. आता प्रत्येक पाहुण्याला ते सम-विषमाचा हा धडा पडद्याजवळ उभं करून शिकवतात आणि चहा त्यानंतर येतो.

कापडाबद्दल विक्रेता एवढंच सांगतो की हे इंपोर्टेड आहे. पानिपत, करूर आणि सुरत ही गावं कोणत्या देशात आहेत हे आपण विचारत नाही. दोघांचाही मान राहतो.

मग ‘शीअर’. मागे पारदर्शक पांढरा आणि पुढे जाड अशी जोडी लावायची सध्या पद्धत आहे, त्यातला हा मागचा. विक्रेता सांगतो, यातून तुम्हाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. हे खरं आहे, पण संध्याकाळी साडेसहापर्यंतच. झिरझिरीत कापडातून ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूचं दिसतं. दिवसा उजेड बाहेर. दिवेलागण झाली की उजेड आत. म्हणजे दिव्याचं बटण दाबलं की तुमचं घर आणि समोरचं घर आपापल्या भूमिका बदलतात. घरातल्या कोणाला हे कळत नाही, कारण कळायचं तर रात्री समोरच्यांच्या घरी जाऊन आपल्या खिडकीकडे पाहावं लागतं. पडदे लावल्याच्या आनंदात लोक निर्धास्त होऊन बनियनवर फिरतात, प्राणायाम करतात, वजनकाट्यावर चढून उतरून पुन्हा चढतात. समोरच्या काकू सभ्य असतात, त्या काही बोलत नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे भेटल्यावर म्हणतात, “काल अळूवड्या केल्या होत्या ना? सात-आठ खाल्ल्या असतील भाऊजींनी.”

यावर उपाय म्हणून ‘ब्लॅकआउट’. दोन थरांच्या मधे काळा धागा विणलेलं हे कापड उजेड जवळजवळ पूर्ण अडवतं. रात्रपाळी करणाऱ्यांना, अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या मुलांना ते वरदान आहे, मान्य. पण ज्या घरात सकाळी सहाला उठणारी आई आहे त्या घरात हा पडदा टिकत नाही. सूर्य उगवून तासभर झाला आणि नातू अंधारात झोपलाय, हे तिला सहन होण्यातलं नाही. ती खोलीत येते, काही बोलत नाही, फक्त पडद्याच्या सगळ्या कड्या एका झटक्यात रॉडच्या एका टोकाला नेते. तो जो खर्रकन आवाज होतो त्याने नातूच काय, खालच्या मजल्यावरचे देशपांडेही उठतात. हजारो रुपयांचा अंधार एका मनगटात संपतो.

पडद्याची लांबी किती असावी, यावर मासिकांतून बरंच लिहिलं जातं. खिडकीच्या कट्ट्यापर्यंत, फरशीला टेकेल न टेकेल इतकी, किंवा फरशीवर कापड सांडलेलं राहील अशी ऐसपैस. लेखकांना माहीत नसतं की हा निर्णय घराच्या मालकाच्या हातात नाही, फरशी पुसणाऱ्या मावशींच्या हातात आहे. आमच्याकडे हौसेने फरशीला टेकणारे पडदे शिवून आले. पहिल्या दिवशी मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि विचारलं, “वहिनी, हे असेच राहणार का?” पडदा ओल्या फडक्याला लागतो, फडक्याचं पाणी पडद्याला लागतं, मग तुम्हीच म्हणणार मावशींनी पडदे खराब केले, हे सगळं त्यांनी अतिशय शांतपणे मांडलं. आठवड्याभरात पडद्यांचं टोक ग्रिलच्या आडव्या पट्टीत खोचलेलं दिसू लागलं. पुसून झाल्यावर ते सोडायचं आम्हीही विसरलो. टेलरने पुढे दोन इंच मुडप वाढवून दिली तेव्हा ती मापं मावशींसमोर, त्यांच्या संमतीने घेतली गेली.

रोमन ब्लाइंडची रडकथा छोटी आहे. मागे दोऱ्या, आडव्या काड्या, ओढलं की घड्या पडत वर जातो. दिसायला देखणा. पण दोरी दिसली की ती ओढायची, सोडायची आणि बोटाला गुंडाळायची असं वय घरात कोणाचं ना कोणाचं असतंच, आणि ते वय दरवेळी लहान मुलांचंच असतं असं नाही. शेवटी ब्लाइंड एका बाजूने वर, एका बाजूने खाली असा तिरपा अडकतो. व्हर्टिकल ब्लाइंड घरात लावला की हॉलमध्ये बसून कोणीतरी आता आपल्याला टोकन नंबर विचारेल असं वाटत राहतं. मण्यांचे पडदे गेले, बरं झालं; त्यातून जेवणाचं ताट घेऊन जाताना आमटीत किती मणी पडले याची कुठे नोंद नाही.

पेलमेटबद्दल मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत. खिडकीच्या डोक्यावर प्लायवूडची पेटी, तिला सनमायका, आत रॉड लपलेला. एकेकाळी बंगल्यांत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये ही प्रतिष्ठेची खूण होती. तिचा खरा उपभोग पालींनी घेतला. उबदार, अंधारी, झाडूच्या टप्प्याबाहेरची, आणि खाली ट्यूबलाइट असल्याने जेवण दारात. मनात शंकेची पाल चुकचुकते असं म्हणतात. पेलमेटवाल्या घरांत ती चुकचुकली की सगळे आधी वर बघत, मग मनात. आता पेलमेट जाऊन फॉल्स सीलिंगमध्ये पडद्यासाठी खाच ठेवतात. पालींना अजून जास्त जागा झाली आहे.

आणि आता तर छापील रोलर ब्लाइंड आलेत. ओढला की अख्खा धबधबा खाली येतो. बांबूचं बन, आयफेल टॉवर, पावसातला लंडनचा रस्ता, काय हवं ते. विक्रेता हे फार नवीन म्हणून दाखवतो, पण मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. संगीत नाटकांच्या कंपन्या हेच सामान घेऊन गावोगाव फिरत होत्या: राजवाडा, उपवन, अरण्य, रस्ता असे रंगवलेले पडदे, बांबूला गुंडाळलेले. १९१०च्या दशकात कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजलेले होते. पुढे बाबूराव रंगवलेल्या पडद्यावरून हलत्या चित्रांच्या पडद्याकडे गेले ते गेलेच. त्या काळी अरण्याचा पडदा पडला की कळायचं, नायक संकटात आहे. आमच्या ओळखीच्या एकांनी हॉलला अरण्याचा ब्लाइंड लावला आहे. सोफ्यावर बसून ते गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मुलाची फी यांच्या गोष्टी सांगतात तेव्हा मागचं दृश्य अगदी चपखल वाटतं.

एवढं सगळं ठरल्यावर एक माणूस ड्रिल घेऊन येतो. खिडकीवर बीम असतं, बीममध्ये काँक्रीट असतं आणि काँक्रीटमध्ये सळई असते. ज्या जागी पेन्सिलने खूण केलेली असते नेमकी त्याच जागी ती असते. “सळई लागली,” असं तो डॉक्टरच्या गांभीर्याने जाहीर करतो आणि रॉड दोन इंच वर घेतो. फर्लांगभर पसरलेली सिमेंटची पूड झाडत आपण हिशेब करतो की आता पडदा खालून दोन इंच वर राहणार. मावशी प्रसन्न होतात.

यानंतर पडद्याला भेटायला ऊन येतं. पुण्यात पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी तीननंतर जे ऊन येतं ते विक्रेत्याच्या ‘फेड-प्रूफ’ला विचारत नाही. दोन उन्हाळ्यांत कडेचा पट्टा फिका होतो, तिसऱ्यात अस्तर बोट लावलं की विरतं. मुंबईकडे उन्हाऐवजी पाऊस. पश्चिमेकडून झड आली की पडद्याची तळची वीतभर ओली, आणि ऑगस्टपर्यंत घरभर कुबट वास, जो अगरबत्तीने जात नाही, फक्त मोगऱ्याचा कुबट वास होतो. समुद्राजवळ कड्याही गंजतात. हे सगळं कॅटलॉगमधल्या तळ्याकाठच्या घराला नसतं.

दिवाळीच्या आधी पडदे धुण्याचा दिवस. लेबलवर ‘फक्त ड्रायक्लीन’ असं लिहिलेलं असतं, ते इंग्रजीत असल्यामुळे आईला लागू होत नाही. मशीनमध्ये आयलेटच्या कड्यांचा जो खणखणाट होतो त्याने शेजारी मिक्सर दुरुस्तीचा माणूस बोलावायचा का म्हणून विचारतात. प्लीट्सवाल्या पडद्यांचे प्लास्टिकचे आकडे काढून वाटीत ठेवायचे. परत लावताना एक कमी असतो. तो कुठे जातो हे आजवर कोणालाही सापडलेलं नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात दोन बोटं वर चढतं, टेलरने आधी धुऊन मग शिवायला हवं होतं असं सगळे म्हणतात आणि टेलर म्हणतो, तुम्हीच घाई केली. त्या रात्री खिडकीला सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आमची चादर उजेड, थंडी आणि समोरच्या काकू तिघांनाही एकाच वेळी अडवते, आणि तिच्यासाठी कोणी टेप काढत नाही.

पण धुवून, इस्त्री करून, एक आकडा कमी अशा अवस्थेत पडदे पुन्हा चढले की पंधरा दिवसांत काय होतं? पंखा लावला की पडदा फुगतो, जेवणाऱ्याच्या तोंडावर येतो, टीव्ही झाकतो, देवघरातल्या समईकडे झेपावतो. वारा येईना झाला की आई उठते. मग तो पडदा आयलेटचा असो, थ्री-प्लीटचा असो, शीअर असो की ब्लॅकआउट. ती त्याला मध्यावर पकडते, दोन पीळ देते आणि एक गाठ मारते. गाठीच्या वर चुण्या, गाठीच्या खाली लोंबणारं शेपूट. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत शेवटी हीच शैली नांदते. हॉलमध्ये पाहुणे येणार असले तर गाठ सोडतात, गेले की पुन्हा मारतात. हिचं नाव कॅटलॉगात नाही, फोटो नाही आणि पैसे लागत नाहीत.

टायबॅक घ्यायला म्हणून आम्ही त्या दुकानात पुन्हा गेलो, म्हणजे गाठीऐवजी पडद्याला आवळून धरणारा, गोंडेवाला, मोत्यांचा दोर. विक्रेत्याने तऱ्हेतऱ्हेचे काढून दाखवले; एकेका जोडीची किंमत अशी की आत्याने दिलेली ती साडी त्यात नव्याने आली असती. तो आतून आणखी आणायला उठला तेव्हा गोदामाच्या दाराकडे माझं लक्ष गेलं. दाराला मरून रंगाचा, बकरमची पट्टी लावलेला, चांगल्या कापडाचा पडदा होता. मधोमध दोन पीळ देऊन त्याला गाठ मारलेली होती. वर पंखा फिरत होता.

“इथे का नाही लावला टायबॅक?” बायकोने विचारलं.

“वहिनी, तो विकायचा असतो,” तो म्हणाला.